वरातीची गाडी आणि तांब्याची जाळी

तापलेल्या तांब्याच्या टोकावर नवसागराची वडी घासली की पांढरा, कडवट-खारट धूर उठतो. लहानपणी दारात कल्हईवाला बसे, तेव्हा हा वास पितळी पातेल्यांतून निघून घरभर हिंडायचा. पुढे उल्हासनगर कॅम्प चारमधल्या रेडिएटरच्या दुकानात मी पंधरा-सोळा वर्षे काढली, ती याच वासात. साडी दोनदा धुतली तरी तो पदराच्या काठात राहत असे. माझे यजमान म्हणत, "तू जिना चढतेस तेव्हाच कळतं. बेल वाजवायची गरज नाही."

मी मराठीची एम.ए., त्यातही काव्य हा विशेष विषय. लग्न होऊन अंबरनाथला आले आणि शाळांच्या पायऱ्या झिजवल्या, पण जागा निघेना. त्याच सुमारास गोपसेठना कारखान्यांशी आणि सरकारी कचेऱ्यांशी शुद्ध मराठीत पत्रव्यवहार करणारे कुणीतरी हवे होते. गोपसेठ म्हणजे दुकानाचे मालक आणि मुख्य मिस्त्रीही. ठेंगणे, गोरे, सोल्डरच्या शिंतोड्यांनी चाळणी झालेला पांढरा सदरा घालणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक पत्र लिहायला सांगितले, 'आपली जाळी बदलावी लागेल' असे. मी विचारले, "सेठ, कसली जाळी?" ते म्हणाले, "ताई, जे माहीत नाही ते लिहू नका. या, बघा." मी उठून आत गेले ती पुन्हा टेबलाशी फारशी बसलेच नाही.

हा धंदा बाहेरच्यांना सांगायचा तर असा. रेडिएटर म्हणजे गाडीच्या नाकाशी उभी केलेली पाण्याची खिडकी. वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मध्ये बारीक नळ्यांची जाळी. इंजिनात तापलेले पाणी वरच्या टाकीत येते आणि नळ्यांतून खाली उतरते. उतरताना आपली धग नळ्यांना बिलगलेल्या पातळ पत्र्याच्या निऱ्यांना देते, आणि निऱ्या ती वाऱ्याला देऊन टाकतात. निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. 'निऱ्या' हा शब्द माझा. दुकानात सगळे 'फिन' म्हणत. पण तो तांब्याचा कागदासारखा पत्रा असा काही एकसारख्या घड्या घालून बसवलेला असे की मला दुसरा शब्द सुचलाच नाही, आणि काही वर्षांनी गोपसेठही गिऱ्हाइकांना "निरी दबली आहे" असे सांगू लागले.

जुन्या गाड्यांत नळ्या आणि टाक्या पितळेच्या, निऱ्या तांब्याच्या, आणि सांधे कथील-शिशाने झाळलेले. अंगाने जड, पण स्वभावाने क्षमाशील. कुठेही भोक पडले तर कैया, म्हणजे तांब्याच्या टोकाची डाग द्यायची सळई, तापवावा, नवसागर घासावा, डाग द्यावा, की गाडी संध्याकाळी घरी. ऐंशीचे दशक अर्धे सरले, नव्या छोट्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले. हलके, चंदेरी, टाक्या प्लास्टिकच्या. गोपसेठनी पहिला रेडिएटर हातात घेतला तेव्हा वजनाच्या अंदाजाने इतका जोर लावला की तो जवळजवळ छतापर्यंत गेला. त्याच्यावर आमचे सोल्डर धरत नसे. अळवाच्या पानावरून पाणी जावे तसे ओघळून जाई. सेठ त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ये रूठेगा तो मनाएगा कौन?"

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एका टेम्पोवाल्याने गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद ओतली होती. ती थांबलीही, पण टाकी उघडली तेव्हा आतली प्रत्येक नळी लग्नघरातल्यासारखी पिवळी निघाली. "किती घातली?" मी विचारले. "घरात व्हती तेवढी," तो म्हणाला. "बायको अजून बोलत नाय."

पण एका गिऱ्हाइकाची आठवण हसू आणत नाही. अंबरनाथ पूर्वेला एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांच्याकडे तरुणपणी घेतलेली एक जुनी छोटी गाडी होती आणि तिच्यासाठी त्यांना नवा रेडिएटर हवा होता. कोणत्या धातूचा, हे त्यांनी मला विचारले. मी नुकतीच परदेशी मासिके वाचू लागले होते आणि वाचलेल्याची धुंदी डोक्यात होती. मी ठामपणे अ‍ॅल्युमिनियम सांगितले. साहेबांनी मुंबईहून खास करून घेतला. मी सगळे सांगितले, फक्त एक विचारायचे राहिले: पाणी कुठले घालता? त्यांच्या बंगल्यात बोअरवेल होती. ते क्षारांनी भरलेले पाणी पितळ सोसते, पण अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही. दोन पावसाळ्यांत आतून पांढरी भुकटी पडू लागली आणि एक दिवस हात लावताच नळीचा तुकडा बिस्किटासारखा निघून आला. साहेब रागावले नाहीत. "तुम्ही वाचून सांगितलं होतंत," एवढेच म्हणाले. त्यानंतर धातूबद्दल कुणी मत विचारले की मी सेठांकडे बोट दाखवू लागले. बरीच वर्षे तसे चालले.

मग काळूनाना आले.

बदलापूरच्या पलीकडचे गाव. डोक्याला टोपी, पायात वहाणा आणि खाली पिकल्या जांभळाच्या रंगाची, उघड्या टपाची, लांबलचक विलायती मोटार. नानांच्या वडिलांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. नेमकी कोणत्या देशात घडली यावर नानांचे आणि त्यांचा मुलगा दिनेश याचे कधी एकमत झाले नाही. दिवे पितळी तांब्यांएवढे, चाकांना तारांच्या काड्या आणि इंजिनाचा आवाज असा की मी दारातून ऐकूनच जागची उठले. चार ठोके, मग एक श्वास, पुन्हा चार ठोके. चांगल्या वृत्तात यती पडावी तशी जागच्या जागी ती उसंत येत होती. लग्नसराईत ती वरातीला जात असे. अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यातली निम्मी जोडपी त्या गाडीच्या मागच्या गादीवर बसून संसाराला लागली होती.

"बाय, ही तापते," नाना म्हणाले. "उभ्या जल्मात तापली नाय, या दोन सालांत तापाय लागली."

"कुठे तापते?"

"वरातीत. दुसरं कुठं जाते ती?"

"पूर्ण उकळते?"

"वाफ निंगते. मागल्या खेपंला तर नवरा उतरला नि चालत गेला. नवरी बसून रायली. ती हसत व्हती. तिचा बाप मातर हसत नव्हता."

दिनेश ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात मापांचा कागद. तो म्हणाला, "मॅडम, मी सगळं काढून आणलंय. हा जुना रेडिएटर टाकून देऊ. अ‍ॅल्युमिनियमचा बनवून घेऊ. वजन निम्म्याहून कमी. आता जगभर तेच चाललंय."

"जग कुठंबी चालूं दे," नाना म्हणाले, "आपली गाडी बँडच्या मागं चालते."

"तेच तर नाना, बँडच्या मागे चालते म्हणूनच तापते ना."

नानांनी त्याच्याकडे न पाहता मला सांगितले, "मुंबईचा एक मानूस दोनदा येऊन गेलाय. जुन्या गाड्या जमवतो. काचंच्या घरात ठेवतो बोलला. म्होरल्या महिन्यात बदलापुरात कात्रपची वरात हाय. तिथं तापली, तर मी त्याला हो बोलनार. लोकांच्या पोरींची वरात माज्या गाडीपायी नासाय नको."

गोपसेठ पुढे झाले. "नाना, आँख बंद करके कॉपर डालो. मी सांगतो."

"शेट, तू तर तांबंच बोलनार. तुजा धंदा हाय तो." नाना माझ्याकडे वळले. "ही बाय लिवनारी-वाचनारी हाय. तिला यात काय मिळायचं नाय. बाय, तू सांग."

मी सवयीने सेठांकडे बोट दाखवायला हात उचलला. सेठनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते अचानक एका टाकीवरचा गंज खरवडू लागले, आणि त्या टाकीवर गंज नव्हता.

मी दोन दिवस मागून घेतले.

खरे तर उत्तरासाठी धातूकडे नाही, गाडीच्या आयुष्याकडे पाहायला हवे होते. या वेळी मी प्रश्न विचारले. पाणी कुठले? "हिरीचं. मचूळ हाय, पन थंड." कशाने घालता? "घागरीनं." गळली तर कोण बघतो? "गावात कल्हईवाला येतो, त्योच डाग देतो." या तीन उत्तरांनी अ‍ॅल्युमिनियमचा निकाल लागला. शिवाय त्या इंजिनाला पाणी फिरवायला पंपच नव्हता. गरम पाणी आपणहून वर चढायचे, थंड आपणहून खाली उतरायचे. चुलीवरच्या भांड्यात पाणी फिरते तेवढीच त्याची गती. अशा संथ पाण्याला रुंद, सरळ नळ्या हव्यात. मी जुना रेडिएटर खोलून घेतला. अर्ध्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या निघाल्या. तापण्याचे कारण समोर दिसत होते. जुन्या पितळी टाक्या तशाच ठेवून मध्ये तांबे-पितळेची नवी जाळी घालावी, असे मी नानांना सांगितले.

सेठ खूश झाले. "चार लाइन डालते हैं, ताई. एकदम ताकदवान."

"तीन," मी म्हणाले.

"तीन?"

"नळ्यांच्या चार रांगा घातल्या तर जाळी जाड होईल, सेठ. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो, तो आरपार जातो. ही गाडी चालते माणसाच्या पावलांनी. वारा फक्त तिच्या पंख्याचा, तोही मंद. तीनच रांगा घालू आणि निऱ्या जरा विरळ ठेवू, म्हणजे त्या पंख्याचा श्वास पलीकडे पोचेल."

सेठांनी दाढी खाजवली. "तुमने मॅगझिन में पढ़ा?"

"नाही. तुम्हीच एकदा ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं होतंत."

"मैंने सही बोला था," ते म्हणाले आणि कामाला लागले.

जाळी तयार झाली ती पाहण्यासारखी होती. नवे तांबे काही दिवसच तसे दिसते, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखे लालसर आणि कोवळे. दुपारच्या उन्हात आम्ही गाडी दुकानापुढे उभी करून तासभर इंजिन चालू ठेवले. वाफ नाही, आवाज नाही. दिनेश घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन उभा होता. त्याने प्रामाणिकपणे आकडे लिहिले आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून हे पुष्कळ होते.

त्या आठवड्यात गाडी अंबरनाथला एका वरातीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला.

"मॅडम, उकळली," दिनेश म्हणाला. "अर्ध्या वाटेत."

दुपारी बापलेक गाडी घेऊन आले. दिनेश माझ्यावर चिडला नाही, हे त्याचे मोठेपण. कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "मला अजूनही वाटतं, अ‍ॅल्युमिनियम." नाना बाकावर बसले, वहाणा काढल्या, आणि शांतपणे म्हणाले, "बाय, तू मन लावून केलंस. मशीनच म्हातारी झाली. कात्रपची वरात मी दुसऱ्या गाडीला देतो, नि त्या मुंबईवाल्याला फोन करतो." ते ओरडले असते तर बरे वाटले असते. मला अंबरनाथच्या साहेबांचा चेहरा दिसू लागला.

"फोन उद्या करा," मी म्हणाले. "आज मला ती बघू द्या."

मी बॉनेटची एक बाजू उचलली आणि थबकले. आतून जो वास आला तो तेलाचा नव्हता, रबराचा नव्हता, तापल्या रंगाचाही नव्हता. गोडसर, हिरवट, थोडा कडू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिळ्या माळांचा येतो तसा, पण शिजवलेला. गाडीत फूल एकही नव्हते. मी नाक जाळीपाशी नेले. सेठ म्हणाले, "ताई, रेडिएटर बघायचा असतो, हुंगायचा नाही." मी केसांतला आकडा काढून तांब्याच्या निऱ्यांत घातला आणि ओढला. तपकिरी, चिवट, उकडलेली पाकळी. मग दुसरी. मग पुंजकाच. नव्याकोऱ्या जाळीचा पुढचा सगळा भाग झेंडूच्या पाकळ्यांनी लिंपलेला होता.

"नाना, वरातीला गाडीच्या पुढे काय लावता?"

"काय म्हंजे? फुलं."

"किती?"

नानांनी हात गुडघ्यापासून छातीपर्यंत नेला. "पडदाच आसतो. बंपरपास्नं वर बॉनेटपोत. नि मदी थर्माकोलचा बदाम, त्याच्यावर दोघांची नावं."

"पूर्वीही असाच लावायचे?"

"छ्या. पयले दोन हार आसायचे, दिव्यांना. आता दोन सालं व्हिडिओवाला येतो ना. तो म्होरून उलटा चालत काढतो. मग डेकोरेशनवाला बोलतो, म्होरून भरीव दिसाय पायजे."

दोन सालांत गाडी तापायला लागली होती. दोन सालांतच व्हिडिओवाला आला होता.

गोपसेठ म्हणाले, "मतलब, गाडी की नाक पे रजाई."

पण दिनेश ड्रॉइंग ऑफिसातला होता. त्याला पुरावा हवा होता आणि तो बरोबर होता. म्हणून दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, कॅम्प चारमध्ये एक अशी वरात निघाली जिला मुहूर्त नव्हता. डेकोरेशनवाल्याकडून नेहमीचा पडदा आणून तंतोतंत लावला, बदामासकट. मागच्या गादीवर वजन हवे म्हणून गोपसेठ आणि त्यांची पत्नी पद्माभाभी बसले. नाना चाकाशी. बँडचा वेग हवा म्हणून दिनेश, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, पुढे रिकामा तेलाचा डबा बडवत चालला, आणि कारखान्यात मापे घेणाऱ्या माणसाने इतका नेमका ताल धरावा याचे मला कौतुक वाटले. मी गाडीच्या नाकाशी कान लावून बरोबर चालत होते. गच्चीगच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका कठड्याशी आल्या.

"गोप, दुल्हन कौन है?" वरून कुणीतरी विचारले.

भाभींनी पदर सारखा केला आणि शांतपणे उत्तर दिले, "वही पुरानी."

दोन गल्ल्या झाल्या. तिसऱ्या वळणावर मला जाळीतून तो आवाज आला, आधण येण्याआधी भांडे गुणगुणते तसा. पाठोपाठ बदामाच्या मागून वाफ उठली आणि थर्माकोलवरची नावे ओली झाली. सेठ उतरले. भाभी मात्र बसून राहिल्या, म्हणाल्या, "मी नाही चालत जाणार. माझी तर आता कुठे वरात निघाली."

इंजिन निववले, पाणी भरले, पडदा काढला आणि पुन्हा तोच फेरा. या वेळी तीन गल्ल्यांचे सहा फेरे झाले. दिनेशचे हात भरून आले, डब्याला पोचे पडले, गच्चीवरच्या बायका कंटाळून पापडांकडे परतल्या. वाफ नाही. दिनेशने डबा खाली ठेवला, कपाळ पुसले आणि म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियमचाही उकळला असता." इतक्या सरळपणे हार मानणारी माणसे मी साहित्याच्या वर्तुळात फार पाहिली नव्हती.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. नळ्या बुजलेल्या दिसल्या आणि मी तिथेच थांबले. एक कारण हाती लागले की दुसरे शोधायचे नाही, ही माझी चूक जुनीच होती. फक्त या वेळी ती नव्या कपड्यांत आली होती.

आता प्रश्न उरला फुलांचा, आणि तो धातूपेक्षा अवघड निघाला. डेकोरेशनवाला म्हणाला, "पार्टीला विचारा." म्हणून मी आणि नाना कात्रपला गेलो. नवरीचे वडील मंत्रालयात नोकरीला होते. नवा ब्लॉक, भिंतीला ताजा रंग, हॉलमध्ये बुंदीचे डबे. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे पुढून गाडी उघडी? कॅसेट बघणारा काय म्हणेल? फुलांना पैसे नव्हते म्हणेल."

नाना टोपी हातात घेऊन उभे होते. "उघडी नाही," मी म्हणाले. "नवऱ्याला मुंडावळ्या बांधतात, त्या कुठे सोडतात? दोन्ही गालांवरून. तोंडावरून नाही. तशाच गाडीला बांधू. वरून बॉनेटवर एकत्र आलेल्या, दोन्ही दिव्यांच्या बाजूंनी खाली सुटलेल्या. मधला चेहरा मोकळा."

"गाडीला मुंडावळ्या?"

स्वयंपाकघराच्या दारातून नवरीची आई म्हणाली, "बरोबर बोलताहेत त्या. पुढ्यात पडदा धरलेला असतो तो अंतरपाट. तो मंगलाष्टकं झाली की काढतात. वरातीपर्यंत कोण धरून बसतं?"

वडिलांनी चष्मा वर केला. "आणि नावं? तो बदाम?"

"मागे लावू," नाना पहिल्यांदाच बोलले. "मागनं बाया चालत्यात. त्याच वाचत्यात नावं. व्हिडिओवाल्याला ती ठावकीच आसतात."

लग्नाच्या दिवशी दुपारी त्या मुंडावळ्या मी स्वतः गुंफल्या. केशरी झेंडू, मध्ये मध्ये पांढरी शेवंती. सुईला बोटे टोचली, नखांत पिवळा रंग बसला. पितळी दिव्यांना राख-चिंच लावून भाभींनी असे घासले होते की त्यांत अख्खे कात्रप उलटे दिसत होते. गाडी खरोखरच बोहल्यावर चढायला निघालेल्या, थोड्या गंभीर, थोड्या लाजऱ्या माणसासारखी दिसत होती.

उन्हे उतरली तेव्हा वरात निघाली. मी गाडीच्या डाव्या बाजूने, मडगार्डवर हात ठेवून चालत होते. कान जाळीकडे. पण बँडच्या गदारोळात काही ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून मी नाकावर भिस्त ठेवली. अत्तर, घाम, धूळ, रोषणाईच्या जनरेटरचा डिझेलचा धूर. तो जनरेटर नेमका गाडीच्या पुढे आणून लावला होता. मी दिनेशला खूण केली, त्याने गाडा ढकलून बाजूला केला. चौकात बँड थांबला आणि नवऱ्याच्या मित्रांनी नाच धरला. तो संपेना. गाडी जागच्या जागी धडधडत उभी. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. मी 'ठीक आहे' अशी मान हलवली. मला खात्री होती असे मुळीच नाही. व्हिडिओवाला उलटा चालत पुढे आला, त्याने गाडीच्या मोकळ्या चेहऱ्यावर प्रकाश टाकला आणि ओरडून म्हणाला, "काकी, जरा बाजूला व्हा, जाळी चमकते ती घेऊ द्या." निऱ्यांच्या आतून नवे तांबे निखाऱ्यासारखे उजळले होते.

एक गाणे संपले, दुसरे सुरू झाले, तिसरे. मग वरात हलली.

नवऱ्याच्या दारात गाडी थांबली. नवरा-नवरी उतरली, माप ओलांडून आत गेली, त्यांच्यामागे सगळी गर्दी आत ओढली गेली. रस्त्यावर आम्ही तिघे आणि गाडी. नानांनी इंजिन बंद केले. बँडनंतरच्या त्या शांततेत तापलेला धातू निवताना टिकटिकतो, तेवढाच आवाज. मुंबईच्या माणसाला उद्या सकाळी उत्तर द्यायचे होते.

वाफ नव्हती, पण नानांना तेवढ्याने पुरेसे वाटत नव्हते. वरच्या टाकीला हात लावून काही कळत नाही. तिथे पाणी तापलेलेच येते. जाळीने आपले काम केले की नाही हे फक्त खालची टाकी सांगते: चटका बसला तर नाही, हात ठेववला तर हो. आणि ती टाकी इतकी खाली असते की तिथवर पोचायला वाकावे लागते. नाना खाली उतरले. नवे धोतर मळेल याची पर्वा न करता ते रस्त्यावर गुडघ्यांवर बसले, मुंडावळ्यांच्या मधून हात आत घातला आणि शेतात घट्टे पडलेला तळवा खालच्या टाकीवर सपाट टेकवला. काढला नाही. डोळे मिटून, पोराचे अंग तापले आहे का हे पाहावे तसा तो तिथेच ठेवला. मी वाट पाहत उभी राहिले.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कोमट."